तिकडं गळ टाकायचा नाही

आंधळगावच्या बाजारात तेजराम गभण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, प्लास्टिकचे पाइप आणि कुलपं. यातली कुलपं तो सगळ्यांत मन लावून विकतो, कारण जग चोरांनी भरलेलं आहे यावर त्याचा पक्का विश्वास. विश्वास असलेली तेवढी एकच गोष्ट. दूधवाल्यासमोर तो दुधात बोट बुडवून पाहतो, बँकेचा मेसेज आला की तो खरा आहे का हे विचारायला स्वतः बँकेत जातो, आणि रस्त्यात कोणी हसून बोललं तर घरी येऊन बायकोला म्हणतो, "आज हा कायले एवढा हासून राहिला होता माह्यासंग?" निर्मलाबाईंनी या प्रश्नाला उत्तर देणं पंधरा वर्षांपूर्वीच सोडून दिलं.

अशा माणसाला मित्र कुठला असणार? वयाची बावन्न वर्षं उलटली, पण दुकानाचं शटर ओढल्यावर ज्याच्या ओट्यावर जाऊन टेकावं असं एक घर गावात नव्हतं. संध्याकाळी चौकात चार माणसं बोलत उभी असली की तेजराम वळसा घालून जायचा. आपल्याबद्दलच बोलत असणार, आणि नसले तरी आपण गेल्यावर बोलतील. रात्री मात्र टीव्हीसमोर बसून कधी कधी त्याला फार एकटं वाटायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी नव्हतंच.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मनिषला, त्याच्या मुलाला, बापाचं हे दुरून कळत असावं. पोळा झाल्यावर त्याने कुरियरने एक लांब खोकं पाठवलं. आत मासे धरायची काळी काठी, तिला बसवायचं रील, दोऱ्याची गुंडाळी आणि एक हिरवा रबरी बेडूक, ज्याच्या पाठीवर दोन टोकदार गळ लपवलेले. "बाबा, रविवारी नदीवर जात जा," तो फोनवर म्हणाला. "माणसांत नाही तं माशांत तरी मन रमन."

तेजरामने आधी खोक्याची चिकटपट्टी कोणी उघडून परत लावली आहे का ते पाहिलं. मग काठी जोडली. बेडूक पहिल्याच दिवशी हरवायला नको म्हणून दोऱ्याला दुकानातला एक मोठा नट बांधून तो दुकानामागेच असलेल्या घराच्या अंगणात फेकायचा सराव करू लागला. पहिल्या फेकीत नट वाळत घातलेल्या लुगड्यात गेला, दुसऱ्या फेकीत शेजारच्यांच्या पत्र्यावर.

तिसरी फेक झाली तेव्हा मागून कोणी तरी हसलं. दुकानात बिजागरी घ्यायला आलेला एक म्हातारा आवाज ऐकून अंगणाच्या दाराशी येऊन उभा होता. साठीच्या पुढचा, काळा, काटक, गुडघे जरा वाकलेले. "शेठ," तो म्हणाला, "असं फेकान तं मासोळी नाई, कोनाची तरी म्हैस गावन."

हा गोपीचंद. नदीकाठच्या टोलीवर, मासेमारांच्या वस्तीत, राहणारा ढिवर. उभा जन्म जाळ्यावर गेला, आता गुडघे पाण्यात टिकत नाहीत म्हणून काठावर बसून दिवस काढायचा. त्याने तेजरामच्या हातातून काठी घेतली, दोनदा हलवून तोलली, आणि नट बरोबर अंगणाच्या कोपऱ्यातल्या बादलीत नेऊन टाकला. अशी काठी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली होती.

"मरळ धराची हाये ना? रविवारी या सकाळी. मी दाखवतो."

"किती घ्याल?" तेजरामने विचारलं.

"काय घेतो? घरी बसून मी तरी काय करून राहिलो? या."

फुकट. हा शब्द तेजरामच्या कानात खड्यासारखा टोचत राहिला. त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. फुकट शिकवणाऱ्याला नक्की काय हवं असतं?

तरी रविवारी तो गेला. स्कूटर टोलीजवळ लावली आणि गोपीचंदच्या मागे बांधावरून चालत निघाला. दोन्हीकडे धान पोटरीवर आलेलं. पावसाळ्यात सूर नदी फुगून बाजूच्या सखल जागेत शिरते, आणि पूर ओसरला की तिथे एक शांत डोह मागे उरतो. काठाला बेशरमीची झुडपं, पाण्यावर पसरलेली पानं, खाली शेवाळ. मरळीला असंच पाणी लागतं, गोपीचंद म्हणाला. ती वाहत्या पाण्यात धावत बसत नाही. पानाखाली दबा धरून राहते आणि वरून बेडूक गेला की झडप घालते.

"हे पानं पाह्यले? यायच्यावर टाका. थ्या झुडपाखाली टाका. थो दगड दिसते, त्याच्या बाजूनं टाका. सगळी जागा तुमची." मग त्याने डोहाच्या दूरच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे चिखलात एक काठी रोवलेली होती आणि तिच्या टोकाला लाल चिंधी फडफडत होती. "तिकडं मात्र गळ टाकाचा नाई."

एवढंच. का टाकायचा नाही ते सांगितलं नाही. नदीवर जन्म काढलेल्या माणसाला ते सांगावं लागतं हेच ठाऊक नव्हतं. सूर्य कुठून उगवतो हे कोणी कोणाला सांगतं का?

आणि तेजरामने विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, हा त्याचा दुकानदारीतला नियम. त्याने फक्त "बरं" म्हटलं आणि तिरक्या नजरेने तो कोपरा पाहून घेतला. पाण्यावर सुपाएवढा एक तांबूस डाग होता, लोखंडावर गंज चढावा तसा. डाग हलत होता. पसरायचा, गोळा व्हायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. एकदा त्याच्याखालून काहीतरी मोठं वळलं आणि मनगटाएवढी जाड काळी पाठ क्षणभर चमकली.

तेजरामच्या मनात कुलूप खट्‌कन लागलं. अच्छा. म्हणजे माल तिकडे आहे.

त्यानंतरचे तीन रविवार मात्र, खरं सांगायचं तर, त्याच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. गोपीचंद त्याला बेडूक पानांवरून कसा ओढायचा ते शिकवायचा. दोन हात ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा. जनाबाईने, गोपीचंदच्या बायकोने, बाटलीत भरून दिलेला चहा दोघं मिळून प्यायचे. तेजराम घरून चिवडा न्यायचा. आपला मुलगा प्रितम वरठीला प्लांटमध्ये कामाला आहे, पहाटेच मोटरसायकलने जातो, बोलायला फुरसत नाही, असं गोपीचंद सांगायचा. मनिषचा फोन आठवड्यातून एकदाच येतो, असं एका रविवारी तेजरामच्याही तोंडून निघून गेलं. असलं काही आपण परक्या माणसाला सांगितलं याचं त्याला परतताना नवल वाटलं. स्कूटरवर तो चक्क गाणं गुणगुणत होता. घराजवळ आल्यावर गाणं थांबलं. या माणसाने आपल्याकडून एवढं बोलून का घेतलं?

मासा मात्र लागत नव्हता. म्हणजे लागायचा, पण हाती येत नव्हता. "मरळ बेडकाले धरते ना, तवा लगेच ओढू नोका," गोपीचंद पुन्हा पुन्हा सांगायचा. "एक श्वास थांबा. तिले तोंडात फिरवू द्या. मंग झटका मारा." तेजराम थांबायचा नाही. पाणी फुटलं की काठी उपसायचा आणि बेडूक रिकामा उडून मागे यायचा. तीनदा असं झालं. थांबा म्हणतो तो काहून? आपण थांबावं आणि मासा निसटून जावा म्हणून?

मग एका बुधवारी वसुलीच्या निमित्ताने तो टोलीकडे गेला आणि डोहावर डोकावला. गोपीचंद एकटाच त्या कोपऱ्यापाशी बसला होता. हातात गळ नाही, जाळं नाही. बाजूला मातीच्या ढेकळांचा ढीग. मधूनच तो एक ढेकूळ उचलून पाण्याच्या दिशेने भिरकावत होता. तेजराम बेशरमीच्या आड पंधरा मिनिटं उभा राहिला. पाठोपाठ दोन पाणकावळे उडून गेले, पण त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष ढेकळांकडे. ढेकळात नक्की काहीतरी कालवलेलं असणार. कोंडा, पेंड. माशांना खाऊ घालून एका जागी जमवतोय लेकाचा, आणि आपल्याला नुसत्या पानांवर बेडूक ओढायला लावतोय!

"मंग विचारून टाका ना त्यायले," निर्मलाबाई म्हणाल्या.

"विचारलं की जागा बदलवन तो. तुले नाई समजत."

शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या जरा आधी, तेजराम निघाला. स्कूटरचा आवाज टोलीवर ओळखीचा झाला होता, म्हणून मनिषची घरी पडून असलेली मोटरसायकल काढली. ती रस्त्यावरही लावली नाही, बांधाच्या कडेने थेट डोहापर्यंत नेली. पूर्वेला फटफटलं होतं. नदीवरच्या पुलावरून वरठीच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या गाड्यांचे दिवे एकामागून एक सरकत होते. तेजरामने त्यांच्याकडे पाठ केली.

लाल चिंधी लोंबत होती. तांबूस डाग तिच्यापासून दोन हातांवर होता. त्याने बेडूक टाकला, तो डागाच्या मधोमध पडला, आणि श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही. पाणी असं फुटलं की त्याच्या तोंडावर शिंतोडे आले. या वेळी थांबायची गरजच नव्हती. मरळीने बेडूक गिळायला धरला नव्हता, रागाने धरला होता. काठी कमानीसारखी वाकली, रील किरकिरलं, तेजराम चिखलात गुडघ्यावर बसला, आणि पाच मिनिटांनी हातभर लांब, काळीकुट्ट, सापासारख्या डोक्याची मरळ गवतावर तडफडत होती.

त्याने तिच्या तोंडातला बेडूक सोडवला. आनंद झाला, आणि तो कोणाला तरी सांगावासा वाटला. पहिलं नाव आठवलं ते गोपीचंदचं, आणि ते आठवल्याचा रागही आला. मासा एका हातात उंच धरून त्याने स्वतःचा एक फोटो काढला. मनिषला पाठवायचा म्हणून काढला आणि पाठवला नाही, कारण फोटो कुठून कुठे फिरतो याचा काय भरवसा? मासा गोणपाटात गुंडाळून तो घरी आला.

निर्मलाबाईंनी राख लावून मासा धरला, पोट चिरलं आणि हात थांबवला. "याच्या पोटात काईच नाई."

"नाई तं नाई."

"एवढ्या मोठ्या मरळीच्या पोटात बेडूक नाई, मासोळी नाई, काईच नाई? आन डोक्स्याच्या मानानं आंग पाहा कसं उतरलं हाये. तीन-चार हप्त्यांची उपाशी दिसते." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचं माहेर नदीकाठचं. "कुठून आनली? पान्यावर लाल लाल दिसत होतं का?"

तेजरामने मान हलवली.

"अहो, पिल्लं होते ते! मरळीचे पिल्लं लालच राह्यते, एका ठिकानी फिरते, आन हे त्यायच्या खाली राखन करते. खाऊन-पिऊन नाई. जवळ गेलं का आंगावर येते. पिल्लांवरची मरळ आमच्या गावात कोनी धरत नसे. हे गेली का दोन दिवसांत सगळे पिल्लं बगळे-पानकावळे खाऊन टाकते." त्यांनी सुरी खाली ठेवली. "तुमाले कोनी सांगितलं नाई का, तिकडं टाकू नोका म्हनून?"

सांगितलं होतं. तेजराम खाटेवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. ढेकळं पाणकावळ्यांसाठी होती. चिंधी पाणकावळ्यांसाठी होती. गुडघे दुखणारा म्हातारा दिवसदिवस तिथे बसून एका मरळीच्या पिल्लांची राखण करत होता आणि हा झुडपाआडून त्याची चोरी पकडत होता. तेजरामला स्वतःची फार लाज वाटली. त्या दिवशी घरात मासा शिजला नाही.

रविवारी जाऊ नये, असं त्याला दहा वेळा वाटलं. पण गेलो नाही तर संशय येईल, हेही वाटलंच. जित्याची खोड. शेवटी स्कूटर काढली. सांगून टाकायचं, असं ठरवून निघाला, आणि टोली येईपर्यंत ते ठरवणं तीनदा मोडलं.

गोपीचंद त्याच कोपऱ्यात बसला होता. ढेकळांचा ढीग तसाच होता, त्याला हात लागलेला नव्हता. पाणी स्वच्छ दिसत होतं. तांबूस डाग कुठेच नव्हता. चहाची बाटली आज नव्हती.

"या शेठ," तो म्हणाला. "मरळ नेली कोनी तरी. शुक्रवारी."

तेजरामने पाण्याकडेच पाहत विचारलं, "कोनी?"

"दुसरा कोन? आमचाच दिवटा. मोटरसायकलचे चाक उमटले होते चिखलात, पार पान्यापर्यंत. पहिल्या पाळीले जाता जाता हात मारला त्यानं. मागच्या साली म्हनला होता ना मले, 'बाबा, एक काढली तं काय होते? दोस्तायची पार्टी होऊन जाते.' तवाच समजलो होतो मी." म्हाताऱ्याने एक ढेकूळ उचललं आणि तसंच परत ठेवलं. "शुक्रवारी कामावरून आला तं दारातच उभं केलं. म्हनलं, चोराले माह्या घरात जागा नाई. गेला निघून. दोन दिवस झाले, वरठीले दोस्ताच्या खोलीवर पडला हाये. जनाबाई जेवली नाई तवापासून."

 तेजरामच्या डोक्यात एक थंड हिशेब फिरून गेला. कोणाला काही कळलेलं नाही. चाकं मोटरसायकलची, आपण तर स्कूटरवाले. गप्प बसलं तर पुढच्या रविवारी पुन्हा चहा आहे, गप्पा आहेत. तोंड उघडलं तर काहीच नाही, आणि पुन्हा टीव्हीसमोरचा तो एकटेपणा.

"माह्यावर नाई आला संशय तुमाले?" त्याने विचारलं.

"तुमच्यावर?" गोपीचंदला खरोखर नवल वाटलं. "तुमाले तं मी सांगितलं होतं ना, तिकडं टाकाचा नाई म्हनून."

गोपीचंदला तेवढं पुरेसं होतं. एकदा सांगितलं म्हणजे संपलं. बावन्न वर्षांत तेजरामवर असा विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि त्याने तर कोणावरच नाही. 

"गोपीभाऊ, मरळ मी नेली."

गोपीचंदने त्याच्याकडे पाहिलं आणि खिन्न हसला. "राहू द्या शेठ. पोराले वाचवून राहिले तुमी. मोठं मन हाये तुमचं. पन तुमाले तं अजून पानावरची गावली नाई, हे कुठून गावन?"

"खरं सांगून राहिलो. मनिषची गाडी आनली होती मी."

"नोका शेठ. त्याच्यापायी खोटं नोका बोलू."

मग तेजरामने खिशातून मोबाइल काढला आणि तो फोटो त्याच्या समोर धरला. गोपीचंदने पडदा जवळ घेतला, लांब नेला, पुन्हा जवळ घेतला. फोटोत तेजराम दात काढून हसत होता. मागे लाल चिंधी स्पष्ट दिसत होती.

 म्हाताऱ्याने शिव्या दिल्या असत्या तर तेजरामला बरं वाटलं असतं. पण त्याने नुसता मोबाइल परत दिला आणि कंबरेच्या पिशवीतून आपला साधा फोन काढून प्रितमचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"माहा फोन नाई उचलत तो," गोपीचंद म्हणाला. "तुमच्यावरून लावा. आन तुमीच सांगा."

तेजरामने नंबर लावून स्पीकर सुरू केला. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो, प्रितम? मी तेजराम गभने बोलून राहिलो, आंधळगाववरून. हार्डवेअरवाला. थे मरळ तू नाई नेली. मी नेली. तुह्या बाबाले मी आत्ता सांगितलं."

 प्रितम म्हणाला, "माहीत हाये मले, काका. शुक्रवारी पुलावरून पाह्यलं मी तुमाले. उजाडलं होतं तवा. काठी वाकली होती तुमची."

तेजरामने पुलाकडे मान वळवून पाहिलं. "मंग बाबाले काहून नाई सांगितलं तू?"

"बाबानं इचारलं कुठं?" प्रितम म्हणाला. "इचारलं असतं तं सांगितलंच असतं ना. दारात पाय ठेवाच्या आंधीच चोर म्हनलं मले. चोर म्हनल्यावर मी काय दुसऱ्याचं नाव घेऊ? माह्यावर येकदम शक? जिंदगीत कधी त्यायच्या सबदाबाहेर गेलो नाई मी."

गोपीचंद ऐकत होता.  तेजरामने मोबाइल त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी धरला, पाण्याने भरलेल्या वाटीसारखा, आणि तोंडाजवळ नेला.

"हॅलो," पलीकडून प्रितम म्हणत होता. "हॅलो, काका? हाये का?"

"मी होय," गोपीचंद म्हणाला.  तेजराम मान खाली घालून उभा राहिला. एक पाणकावळा डोहावर उतरला, पण त्याला हाकलावं असं आता काही उरलं नव्हतं.

"प्रितम," म्हातारा म्हणाला, "तू जेवला का रे?"



"नाई, बाबा," तो म्हणाला. "अजून नाई."